नाव मोठं नाही, हीच तुमची सवड

सर,

मी कोल्हापूरचा, वय ३२. शाळेत असल्यापासून पेठेतल्या तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळलो. मग पुणे, मुंबई, गोवा आणि शेवटी आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधले दोन क्लब. सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा. भारताकडून कधी खेळलो नाही, एकदा शिबिराच्या यादीत नाव होतं तेवढंच. डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ‘आता पुरे’ म्हणून सांगितलं. शेवटच्या क्लबनं चार महिन्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत.

घरी आल्यावर तीन गोष्टी समोर आल्यात. आमची तालीम म्हणते, सीनियर टीमचा कोच हो, यंदा केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग मारायचीच. एका शाळेच्या अकादमीत बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवायचं काम आहे, पगार बेताचा. आणि इथले सामने यूट्यूबवर दाखवणारा एक चॅनेल म्हणतो, मराठीत कॉमेंट्री कर, तू बोलतोस चांगलं. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, ती म्हणते काय ते एक ठरवा. मित्र म्हणतात माईकच धर, तिथं हरायची भीती नाही. पण रात्री झोप उडते ती वेगळ्याच विचारानं. मी काही बायचुंग भुतिया नाही की सुनील छेत्री नाही. माझं कोण ऐकणार?

(नाव छापू नये), कोल्हापूर

मित्रवर्य,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाकीचं सगळं वेळेचं आणि पैशाचं आहे, ते बसून सोडवता येईल. ‘माझं कोण ऐकणार’ हे मात्र आधी निकालात काढू, नाहीतर तिन्हींपैकी जे घ्याल ते खाली मान घालून कराल.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाची सूत्रं खालिद जमीलकडे आली. तुम्ही मुंबईत खेळलात, म्हणजे कूपरेजच्या मैदानावर कधीतरी त्याला पाहिलं असणार. जन्म कुवेतचा, पण फुटबॉलर मुंबईचा: महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. मिडफिल्डर. भारताची जर्सी त्यानं घातली, पण ज्याचे पोस्टर पोरं भिंतीवर लावतात त्यांतला तो नव्हता. दुखापतींनी खेळ थांबवला आणि २००९ मध्ये मुंबई एफसीनं त्याला कोच केलं. तेव्हा त्याचं वय ३२ होतं. तुमचं आत्ताचं.

पुढची सात वर्षं तो तिथंच होता. हातात पैसा कमी, संघ बेताचा, काम एकच: आय-लीगमधून खाली घसरायचं नाही. देशपातळीवरचा करंडक एकही नाही. २०१६ मध्ये तिथून बाहेर पडला तो थेट मिझोरामला, आयझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या हंगामात खाली घसरलेला होता आणि भारतीय फुटबॉल महासंघानं त्याला पुन्हा लीगमध्ये घेतलं होतं. त्या संघानं २०१६-१७ ची आय-लीग जिंकली, मोहन बागान आणि बंगळुरू एफसीसारखे मोठे क्लब असताना. ईशान्य भारतातल्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. मग २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं त्याला कायमचा मुख्य कोच केलं, आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, अशी नेमणूक मिळालेला तो पहिला भारतीय. आयझॉलचा करंडक सगळ्यांना आठवतो. मला त्याआधीची मुंबईतली सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत तो चुकत असेल, संघ बदलून बघत असेल, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

बाहेरची उदाहरणं हवीत तर ती पण आहेत. मिकेल आर्टेटा स्पेनच्या सीनियर संघाकडून एकदाही खेळला नाही. २०१६ मध्ये बूट काढले आणि पेप गार्डिओलाचा साहाय्यक म्हणून मँचेस्टर सिटीत गेला, साडेतीन वर्षं दुसऱ्याच्या मागं उभा राहिला, आणि मग आर्सेनलचा कोच झाला. जर्मनीचा युलियान नागेल्समान तर व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचलाच नाही. गुडघ्यानं विशीतच खेळ संपवला. तुमच्याकडे निदान आय-लीगचे हंगाम तरी आहेत. नागेल्समान पोरांचे संघ शिकवत राहिला आणि २०१६ मध्ये, २८ व्या वर्षी, बुंडेसलिगातल्या, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधल्या होफनहाइमचा मुख्य कोच झाला. पुढे जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा.

आता नाणं उलटं करून बघू. ज्यांचं सगळं जग ऐकत होतं त्यांचं काय झालं?

गॅरी नेव्हिल. मँचेस्टर युनायटेडचा राइट बॅक, फेब्रुवारी २०११ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी स्काय स्पोर्ट्स या टीव्ही चॅनेलवर विश्लेषक म्हणून बसला. सोमवारच्या रात्री मोठ्या टचस्क्रीनसमोर उभा राहून तो सामने उलगडून दाखवायचा: बॅक कुठं उभा होता, कुठं असायला हवा होता, सेंटर बॅकची नजर कुणावर होती. इंग्लंडमध्ये तोवर माजी खेळाडू म्हणजे सोफ्यावर बसून ‘बचाव ढिसाळ होता’ म्हणणारे. नेव्हिलनं ढिसाळ म्हणजे काय ते दाखवायला सुरुवात केली. शिवाय २०१२ पासून तो इंग्लंड संघाचा साहाय्यक कोचही होता. म्हणजे तयारी नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये त्याला स्पेनमधल्या वलेन्सियाचं मुख्य कोचपद मिळालं. क्लबचे मालक पीटर लिम हे त्याच्या ओळखीचे, सॅलफर्ड सिटी या छोट्या क्लबात दोघांची भागीदारी होती. मुख्य कोच म्हणून नेव्हिलची ही पहिलीच नोकरी, स्पॅनिश धड येत नव्हतं, हंगाम अर्ध्यावर आलेला. लीगमधला पहिला विजय फेब्रुवारीच्या मध्याला मिळाला. त्याआधी कोपा देल रे या स्पॅनिश कपच्या उपांत्य सामन्यात बार्सिलोनानं ७-० असं धुतलं. मार्चअखेर नोकरी गेली. एकूण २८ सामने, १० विजय. नेव्हिल परत टीव्हीवर आला, आजही उत्तम बोलतो, पण मुख्य कोच म्हणून तो पुन्हा कुठं दिसला नाही.

फ्रान्सचा स्ट्रायकर थिएरी ऑन्री घ्या. निवृत्तीनंतर स्कायवर विश्लेषक, मग बेल्जियमचा साहाय्यक कोच, २०१८ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक. ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्या मोनाकोत तो घडला त्याच क्लबचा मुख्य कोच झाला. जानेवारीत बाहेर. वीस सामन्यांत चार विजय. त्या दिवसांतला एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पत्रकार परिषद संपल्यावर १७ वर्षांचा खेळाडू बादियाशिल खुर्ची आत न सरकवता उठतो, आणि ऑन्री त्याच्याकडे असा बघतो की पोरगा मुकाट्यानं परत येऊन खुर्ची सरकवतो. लोक हसले. मला त्यात एक थकलेला माणूस दिसला. जे आपल्याला न शिकवता आलं ते समोरच्याला का येत नाही, या प्रश्नानं मोठे खेळाडू कोच म्हणून झिजतात. इंग्लंडचा स्ट्रायकर अॅलन शिअररचं तर आठ सामन्यांत संपलं. २००९ च्या एप्रिलमध्ये न्यूकॅसल वाचवायला बीबीसीच्या स्टुडिओतून उठून गेला, एक विजय, संघ खाली, आणि शिअरर परत बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ कार्यक्रमाच्या खुर्चीत.

या तिघांना त्यांचं नाव नडलं, असं माझं मत आहे. नावामुळं त्यांना जे काम आठ-दहा वर्षांनी मिळायला हवं होतं ते पहिल्या-दुसऱ्या झटक्यात मिळालं. चुकायचं ते हजारो लोकांसमोर चुकले. खालिदला नाव नव्हतं म्हणून सात वर्षं मिळाली. तुम्हाला झोप लागू देत नाही ती गोष्ट खरं तर तुमची सवड आहे. ती कुणाला विकू नका.

आणि म्हणूनच, तालमीचा देकार घेऊ नका. तुमच्या पत्रातली वलेन्सिया तीच आहे.

मला माहीत आहे हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. ज्या तालमीनं पायात पहिले बूट घातले तिला नाही म्हणायचं? पण बघा. नेव्हिलसारखंच हे पद तुम्हाला ओळखीतून मिळतंय. वलेन्सियात निदान त्याला स्पॅनिश टोमणे पुरते कळत नव्हते, तुम्हाला शाहू स्टेडियमवरचा प्रत्येक शब्द कळणार, आणि तो कुणाच्या घरातून आला हेही. ड्रेसिंग रूममध्ये निम्मे जण तुमच्याबरोबर खेळलेले असतील. एखाद्याला बाकावर बसवलंत तर त्याचा चुलता कमिटीत असेल. परदेशी खेळाडू कुणीतरी हौसेनं, स्वतःच्या खिशातून आणलेला असेल आणि तो खेळलाच पाहिजे असा त्या दात्याचा आग्रह असेल. दोन ‘हाय व्होल्टेज’ सामने हरलात की तिसऱ्याला वॉर्मअपच्या वेळीच नवीन कोचचं नाव ऐकू येईल. कोल्हापूरच्या फुटबॉलवर माझा जीव आहे. भर दुपारच्या उन्हात लीगच्या सामन्याला एवढी गर्दी देशात फार थोड्या शहरांत होते. पण ती गर्दी नवशिक्या कोचला शिकायला वेळ देणारी नाही. ‘यंदा लीग मारायचीच’ या वाक्यात तुमच्या शिकण्याला जागा कुठं आहे?

अकादमीचं काम घ्या. पगार बेताचा आहे हे वाचूनही सांगतोय, पैशाकडे नंतर येतो.

शाबी अलोन्सो हा विश्वचषक आणि दोनदा युरो कप जिंकलेला मिडफिल्डर. लिव्हरपूल आणि रेयाल माद्रिद दोन्हीकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेली. निवृत्तीनंतर कोणत्याही क्लबनं लाल गालिचा अंथरला असता. २०१८-१९ मध्ये तो रेयाल माद्रिदच्या १४ वर्षांखालच्या पोरांना शिकवत होता. मग तीन हंगाम रेयाल सोसिएदादच्या राखीव संघाबरोबर. तो संघ वर गेला तेव्हाही आणि परत खाली आला तेव्हाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये लेव्हरकुसेन तळाजवळ असताना तिथं गेला, आणि २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकली: ३४ सामने, २८ विजय, ६ बरोबरी. जगज्जेत्याला तेरा वर्षांच्या पोरांचा सराव घेण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

त्या वयाची पोरं तुम्हाला जे शिकवतील ते सीनियर संघ शिकवणार नाही. तुम्ही सेंटर बॅक. क्रॉस येताना दोन पावलं मागं कधी सरकायचं हे तुमच्या शरीराला माहीत आहे, पण ते बारा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगून बघा. पहिल्या आठवड्यात लक्षात येईल की आपण ‘बघ, असं’ म्हणून करून दाखवतो आणि गुडघा ठणकतो. करून दाखवता येत नाही म्हणून सांगायला शिकावं लागतं, म्हणजे या कामात तुमचा गुडघा उपकारच करणार आहे. शिवाय सरावाला सतरा पोरं येणार की अकरा हे आदल्या रात्री माहीत नसतं, चेंडू सहाच असतात, मैदानाच्या निम्म्या भागात क्रिकेट चालू असतं, आणि कठड्यावर बसलेल्या पालकांपैकी तिघांना आपला मुलगा स्ट्रायकरच व्हायला हवा असतो. यातून ज्यानं तासाभराचा नीट सराव बसवला त्याला पुढं आयएसएलचा टर्फ सोपा जातो.

पण कोरडं शिकवत बसू नका, सोबत कोचिंगचं लायसन्स सुरू करा. भारतात शिडी अशी आहे: महासंघाचे सुरुवातीचे कोर्स आणि डी लायसन्स, मग एएफसीचे, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी लायसन्सचे कोर्स आपल्या राज्यात विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन घेते. तिथं किंवा केएसएत चौकशी करा, पुढच्या कोर्सच्या तारखा कळतील. एक पायरी झाली की लगेच दुसरी मिळत नाही, मध्ये खऱ्या संघाबरोबर काम केलेलं असावं लागतं, आणि इथंही अकादमीची नोकरी कामाला येते. आयएसएलमध्ये मुख्य कोच व्हायला प्रो किंवा त्या तोडीचं लायसन्स लागतं, त्यात नावाला सूट नाही. सूट तर झिदानलाही नव्हती: २०१४ मध्ये तो रेयाल माद्रिदच्या राखीव संघाला शिकवत असताना लायसन्सवरून वाद झाला, तीन महिन्यांची बंदी लागली, पुढं ती उठली ही गोष्ट वेगळी. शाळा किंवा सरकारी क्रीडा मार्गदर्शकाच्या जागेचा विचार असेल तर एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या कोचिंग डिप्लोमाची माहिती आत्ताच काढून ठेवा. तिथं एएफसीचा कागद पुरेल असं गृहीत धरू नका.

गोव्यात खेळलात म्हणता, तर तिथल्या लोकांना फोन करायला लाजू नका. निवृत्त खेळाडूला कोच करण्याची परंपरा देशात कुठं मुरली असेल तर ती गोव्यात. आर्मांडो कोलासोंनी धेंपोला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. साळगावकरकडून खेळलेल्या डेरिक परेराच्या हाताखाली महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. धेंपोचा मिडफिल्डर क्लिफर्ड मिरांडा आधी एफसी गोवाचा साहाय्यक, मग ओडिशा एफसीचा हंगामी कोच, आणि त्या हंगामीपणात त्यानं २०२३ चा सुपर कप जिंकून दाखवला. धेंपोचाच बॅक महेश गवळी २०२३ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचा साहाय्यक कोच होता. मुख्य कोच स्टिमाच यांना लाल कार्ड मिळालं आणि अंतिम सामन्यात बाकावरून संघ चालवायची वेळ गवळीवर आली. कुवेतविरुद्ध पेनल्टीवर भारत जिंकला. यांच्यातल्या कुणाचीही सुरुवात मोठ्या खुर्चीवरून झालेली नाही. गवळी तर तुमच्याच जागी खेळायचा. सरावाच्या मैदानाबाहेर उभं राहून वही लिहू द्या, एवढीच विनंती असली तर अशी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

आता माईक.

तुमचे मित्र म्हणतात तिथं हरायची भीती नाही. हे खरं आहे, आणि तोच त्यातला धोका आहे. विश्लेषकाचा अंदाज चुकला तर फार तर लोक हसतात. ‘मॅच ऑफ द डे’वर अॅलन हॅन्सननं १९९५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडबद्दल ‘पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही’ असं म्हटलं, आणि त्याच पोरांनी त्या हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. हॅन्सन २०१४ पर्यंत त्याच कार्यक्रमात होता. कोचला अशी माफी नसते. त्यामुळं आधी माईकची सवय लागली की मैदानात उतरायला पाय उचलत नाही. लिव्हरपूलचा बॅक जेमी कॅरागरनं हे ओळखलं असावं, तो २०१३ मध्ये थेट स्कायवर गेला आणि कोचिंगच्या वाटेला लागलाच नाही. तोही रस्ता चांगला आहे, पण मग पूर्ण वेळ तोच.

तुम्ही जिथं बसणार ती जागा कोणती हे चॅनेलला आधी विचारा. सामना चालू असताना पळापळ सांगणारा वेगळा, तो बहुतेक ठिकाणी पत्रकार किंवा रेडिओवर तयार झालेला असतो. त्याच्या शेजारी बसून अधूनमधून ‘हे का झालं’ ते सांगणारा वेगळा, ही माजी खेळाडूची जागा. आणि स्टुडिओत सगळ्यांना बोलतं करणारा तिसरा. इंग्लंडचा स्ट्रायकर गॅरी लिनेकर तिसऱ्या खुर्चीवर पोचला, पण १९९४ मध्ये जपानमध्ये खेळ संपवल्यावर पाच वर्षं बाकीची कामं शिकून, १९९९ मध्ये. ती त्यानं २०२५ पर्यंत सांभाळली. अॅलेक्स स्कॉटनं तर इंग्लंडकडून १४० सामने खेळता खेळता स्टॅफर्डशर विद्यापीठातून क्रीडा लेखन आणि प्रसारणाची पदवी घेतली, मग बीबीसीवर बसली. तुमच्यासाठी दुसरी जागा. पूर्ण नव्वद मिनिटांची कॉमेंट्री एकट्यानं करायला सांगत असतील तर सोबत एक बोलका पोरगा मागा. नाहीतर थ्रो-इनपासून गोल किकपर्यंत सगळं सांगता सांगता तुमच्या डोक्यातलं सेंटर बॅकचं ज्ञान तसंच राहील.

सराव सोपा आहे. एखादा जुना सामना आवाज बंद करून लावा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि पंधरा मिनिटं बोला. मग ऐका. प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसलं तेच तुम्ही परत सांगितलंय असं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात खोडा. सुरुवातीला दोन-तीनच वाक्यं उरतील. ती तुमची. आणि गोल झाला की गप्प बसायला शिका, शाहू स्टेडियमचा आवाज तुमच्यापेक्षा चांगली कॉमेंट्री करतो.

दुसरं, मँचेस्टर युनायटेडचा माजी कॅप्टन रॉय कीनची नक्कल करू नका. टीव्हीवर बसून खेळाडूंची साल काढायची त्याची तऱ्हा लोकांना आवडते, पण ज्या गोलकीपरला झोडपलं त्याच्या शेजारी उभं राहून संध्याकाळी त्याला दूध प्यायचं नसतं. तुम्हाला कोल्हापुरात, गंगावेशीत प्यायचंय. चूक सांगा, जरूर सांगा, पण चूक कशी घडली ते सांगा. ‘तो कच्चा आहे’ आणि ‘त्याचं पहिलं पाऊल पुढं पडलं म्हणून चेंडू डोक्यावरून गेला’ यांतलं दुसरं वाक्य ऐकून तो गोलकीपर तुम्हाला शिव्या घालणार नाही, कदाचित सकाळी विचारायला येईल.

मोठ्या वाहिन्यांची स्वप्नं मात्र आत्ता नकोत. २०२२ च्या विश्वचषकात मुंबईच्या स्टुडिओत वेन रूनी, लुईस फिगो, रॉबर्ट पिरेस येऊन बसले होते. पैसा असला की चॅनेल तशी नावं आणतं, तिथं तुमची-माझी स्पर्धा नाही. जिओसिनेमावर तोच विश्वचषक इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि मल्याळममध्ये ऐकायला मिळाला, मराठीत नाही. ती रिकामी जागा कधीतरी भरेल आणि तेव्हा मराठीत फुटबॉल बोलायची सवय असलेला माणूस लागेल. पण ‘कधीतरी’वर घर चालत नाही, म्हणून माईक शनिवार-रविवारपुरता. मानधन प्रत्येक सामन्याचं ठरवा आणि लेखी घ्या. ‘पुढं बघू’ म्हणाले तर चार सामने करून थांबा.

तालमीला नाही म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सुटते. सीनियर टीमचा कोच आणि त्याच लीगचा कॉमेंटेटर अशा दोन टोप्या एका डोक्यावर कोल्हापुरात बसणार नाहीत. नेव्हिलनं वलेन्सियाला जाईपर्यंत साडेतीन वर्षं इंग्लंडची साहाय्यकी आणि स्काय एकत्र चालवली, त्यालाही त्यावरून टोमणे खावे लागले, आणि तिथं निदान लीग आणि राष्ट्रीय संघ वेगळे होते.

पैशाचं बोलू. पूर्वी मुंबईत फुटबॉलर म्हणजे बँक, रेल्वे, कस्टम्स, एअर इंडिया, पोलीस, कुठंतरी नोकरीला असायचा. गुडघा गेला तरी टेबल राहायचं. तुमची पिढी करारावर खेळली आणि करार गुडघ्याबरोबर संपला. २०१० मध्ये महिंद्र युनायटेड बंद झालं, त्यानंतर किती क्लब आले आणि गेले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २०२५-२६ ची आयएसएलसुद्धा ठरल्या वेळी सुरू झाली नाही आणि खेळाडू, कोच सगळे घरी बसून राहिले. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं घराचा कणा तुमच्या बायकोचा पगार असणार. हे गृहीत धरू नका, त्यांना समोर बसवून आकडे मांडा: अकादमीचे इतके, माईकचे इतके, लायसन्सची फी इतकी, अमुक वर्षापर्यंत बी लायसन्स झालं नाही तर दुसरी नोकरी बघणार. ‘काय ते एक ठरवा’ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा तारीख हवी असते.

राहिलेले चार महिन्यांचे पैसे सोडू नका. करार, बँकेचे उतारे, क्लबशी झालेले मेसेज एका फायलीत लावा आणि महासंघाच्या प्लेयर स्टेटस कमिटीकडे तक्रार करा. भारतीय फुटबॉलपटूंची संघटना, एफपीएआय, अशा कामात मदत करते. अशा दाव्यांना मुदत असते, त्यामुळं गुडघा बरा झाल्यावर बघू असं नको, या आठवड्यातच.

आणि तालमीला नकार फोनवर देऊ नका. अध्यक्षांना घरी जाऊन भेटा, सकाळी, कट्ट्यावरची मंडळी जमायच्या आत. सीनियर टीम आत्ता नको, तालमीची १५ वर्षांखालची पोरं द्या, रविवारी सकाळी फुकट शिकवतो, असं सांगा. एवढी पोरं जमवायला तालमीला जमलं नाही तर निदान सीनियर टीमचा भार तुम्ही का घेतला नाही हे त्यांनाही कळेल. जमलं, तर डी लायसन्सची फी तालमीनं भरावी, ही मागणी त्याच बैठकीत करून या.